कोण जिंकणार?

गुलमंडीकडून पैठण दरवाजाकडे जाताना डाव्या हाताच्या एका बोळात चहाचे एक जुने दुकान आहे. शहर चोहोबाजूंनी वाढले, सिडकोची वसाहत झाली, वाळूजला कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. या दुकानाची बाके मात्र पूर्वी तीन होती ती आजही तीनच आहेत. भर पडली ती भिंतीवर टांगलेल्या दूरचित्रवाणी यंत्राची. त्या यंत्रावर बारमाही क्रिकेट चालते. चार वर्षांतून एकदा महिनाभर क्रिकेटला रजा मिळते व फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतो. मग तीन बाकांवर तेरा माणसे बसतात.

शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली अधिकृतपणे मिळाले. प्रस्तुत हकीकत त्या आधीची, नोव्हेंबर २०२२ मधील आहे. कतारमधील उन्हाळा खेळाडूंस सोसणार नाही म्हणून ती स्पर्धा प्रथमच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरविण्यात आली होती, आणि त्यामुळे औरंगाबादकरांची मोठीच सोय झाली. एरवी युरोपातले किंवा अमेरिकेतले सामने पाहावयाचे म्हणजे रात्र जागवावी लागे. या खेपेस दुपारी साडेतीनला पहिला सामना, संध्याकाळी साडेसहाला दुसरा व रात्री साडेनऊला तिसरा, असा बेत होता. शेवटचा साडेबाराचा सामना तेवढा निशाचरांसाठी.

या मंडळीत पक्ष पडलेले होते. एक बँकेतील कारकून ब्राझीलच्या बाजूचे. त्यांच्या वडिलांनी पेलेचे नाव घरात आणले. सप्टेंबर १९७७ मध्ये पेले कलकत्त्यास येऊन मोहन बागानविरुद्ध खेळून गेला, तेव्हा वडिलांनी त्याचे वर्तमानपत्रातील छायाचित्र कापून देवघराच्या शेजारी लावले होते म्हणतात. पुत्राने ते पुढे चालविले. कुलदैवत जसे बापाकडून लेकाकडे येते, तसा संघही येतो. त्यात निवड फारशी नसते. दुसरे एक रिक्षांचे मालक. ते अर्जेंटिनाचे. १९८६ चा मेक्सिकोतील विश्वचषक दूरदर्शनवरून घरोघर दिसला आणि मॅराडोनाने ज्या असंख्य भारतीय मुलांना कायमचे आपलेसे केले, त्यांतले ते एक. त्यांच्या तिन्ही रिक्षांच्या मागे निळे-पांढरे पट्टे ओढलेले होते. तिसरे एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक. त्यांना कोणताही संघ आपला वाटत नसे. ते आकड्यांच्या बाजूचे होते, आणि आकडे त्या वेळी जर्मनीस फारसे अनुकूल नसतानाही जर्मनीविषयी त्यांच्या मनात एक मृदू कोपरा होता, हे सर्वांना ठाऊक होते. चौथे सिटी चौकाजवळ शिवणकामाचे दुकान चालवून निवृत्त झालेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ. त्यांना सगळे ‘चाचा’ म्हणत. चाचा कोणत्याच पक्षात नसत. जो पक्ष फार बोले त्याच्या विरुद्ध बसावयाचे, एवढाच त्यांचा नेम.

सोमवार, २१ नोव्हेंबरची संध्याकाळ. इंग्लंडने इराणवर सहा गोल चढविले होते. परंतु बाकांवरील चर्चेचा विषय निराळा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जेंटिनाची गाठ सौदी अरेबियाशी होती.

प्राध्यापकांनी खिशातून एक कागद काढला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने लावलेली देशांची क्रमवारी त्यावर उतरून घेतलेली होती. ब्राझील पहिला, बेल्जियम दुसरा, अर्जेंटिना तिसरा, फ्रान्स चौथा. आणि सौदी अरेबिया एक्कावन्नावा. त्याखाली त्यांनी एक ओळ लाल शाईने लिहिली होती: अर्जेंटिना लागोपाठ छत्तीस सामने अपराजित.

“सर, यावर बोलण्यासारखे काही उरलेच नाही,” रिक्षांचे मालक म्हणाले. “प्रश्न एवढाच आहे की गोल तीन की पाच.”

“तीन,” प्राध्यापक म्हणाले. ते नेहमी मोजके सांगत.

चाचांनी बशीतला चहा संपवला. “हंगेरीही चार वर्षे हरली नव्हती,” ते म्हणाले.

या वाक्यामागे जो इतिहास आहे तो ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी येथे थोडे थांबले पाहिजे. १९५४ च्या विश्वचषकास हंगेरीचा संघ उतरला तेव्हा तो १९५० पासून एकही सामना हरला नव्हता. त्या स्पर्धेतच प्राथमिक फेरीत त्याने पश्चिम जर्मनीचा आठ विरुद्ध तीन गोलांनी फडशा पाडला. ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी अंतिम सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. पहिल्या आठ-दहा मिनिटांतच हंगेरीचे दोन गोल झाले. तरी सामना संपला तेव्हा पश्चिम जर्मनी तीन विरुद्ध दोन अशी जिंकलेली होती. त्याच्या चार वर्षे आधीचे उदाहरण तर याहून दारुण. १६ जुलै १९५० रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. पावणेदोन लाखांच्या आसपास लोक तिकिटे काढून आत बसले होते. सामन्याच्या आधीच तेथील एका वर्तमानपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंचे चित्र जगज्जेते म्हणून छापले होते. उरुग्वेने दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला आणि त्या प्रचंड मैदानावर स्मशानकळा पसरली.

असे का घडते? फुटबॉलच्या भाकितात ज्योतिषाहून अधिक खात्री का नसावी? कारण साधे आहे. या खेळात गोल फार थोडे होतात. कतारच्या संपूर्ण स्पर्धेत चौसष्ट सामने झाले व त्यांत गोल झाले १७२. म्हणजे दोन्ही संघांचे मिळूनही दर सामन्यास तीन पडत नाहीत. क्रिकेटमध्ये एक डाव शेकडो चेंडूंचा असतो. एखादी चूक, एखादा नशिबाचा फटका त्या गर्दीत विरून जातो व शेवटी बलवान संघाचे पारडे बहुधा खाली येते. फुटबॉलमध्ये एकदा पाय घसरला, एकदा चेंडू खांबाला लागून आत गेला, की नव्वद मिनिटांच्या मेहनतीचा निकाल फिरतो. दुबळ्याला येथे जितकी आशा आहे तितकी दुसऱ्या फार थोड्या खेळांत असेल. हे कळत असूनही माणसे भाकिते करतात. २०१० साली जर्मनीतील एका मत्स्यालयात पॉल नावाचा अष्टपाद होता. त्याच्यापुढे दोन देशांच्या ध्वजांच्या पेट्या ठेवीत. तो ज्या पेटीतील खाद्य आधी खाई तो देश जिंके. त्याची आठच्या आठ भाकिते खरी ठरली. आपल्याकडे पोपटवाल्या जोशांच्या पिंजऱ्यातून चिठ्ठी निघते तिला सुशिक्षित माणूस हसतो. पण त्या वर्षी पॉलच्या पेट्यांकडे साऱ्या जगातील सुशिक्षित माणसे डोळे लावून बसली होती.

चाचांच्या हंगेरीवर प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही. उत्तर दुसरीकडूनच आले. दुकानमालकाचा पुतण्या संध्याकाळी गल्ल्यावर बसत असे. अकरावीत शिकत होता आणि सकाळी आमखास मैदानावर फुटबॉल खेळत होता. तो म्हणाला, “उद्या अर्जेंटिना हरली तर?”

सगळे हसले. रिक्षांचे मालक म्हणाले, “हरली तर तू सांगशील ते.”

“रविवारी सकाळी आमखासवर आमचा सामना आहे. तुम्ही सगळ्यांनी पाहावयास यायचे.”

“आणि जिंकली तर?”

“तर महिनाभर तुमचा चहा माझ्या खात्यावर.”

काकांनी पुतण्याकडे डोळे वटारून पाहिले; पण शब्द तोंडातून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला बाके भरली. दहाव्या मिनिटास मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. रिक्षांच्या मालकांनी गल्ल्याकडे पाहून मिशीवर हात फिरविला. मध्यंतरापूर्वी अर्जेंटिनाने आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात धाडला आणि तिन्ही वेळा तो गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. सौदी अरेबियाचे बचावाचे खेळाडू आपल्या गोलाजवळ दबा धरून न बसता मैदानाच्या मध्याकडे एका ओळीत सरकून उभे राहात होते. प्रतिपक्षाचा धावणारा खेळाडू त्या ओळीच्या क्षणभर आधी पुढे गेला की फसला. हा डाव जुगारासारखा असतो. ओळीतील एकाचे पाऊल मागे राहिले तरी सगळे उघडे पडतात. त्या दिवशी कोणाचे पाऊल मागे राहिले नाही. मध्यंतरानंतर अठ्ठेचाळिसाव्या मिनिटास सालेह अल-शहरीने बरोबरी साधली, आणि त्रेपन्नाव्या मिनिटास सालेम अल-दौसरीने अर्जेंटिनाच्या तीन-चार खेळाडूंच्या मधून वाट काढीत असा काही गोल केला की ब्राझीलचे कारकूनही बाकावरून उठून उभे राहिले. उरलेला सगळा वेळ सौदी गोलरक्षकाने झेप घेण्यात घालविला. दोन विरुद्ध एक.

छत्तीस सामन्यांचा अजिंक्य संघ एक्कावन्नाव्या क्रमांकाच्या संघाकडून हरला. प्राध्यापकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्या कागदाचे पुढेही फारसे भले झाले नाही: दुसऱ्याच दिवशी जपानने जर्मनीस हरविले, दुसऱ्या क्रमांकाचे बेल्जियम व मृदू कोपऱ्यातील जर्मनी दोघेही पहिल्या फेरीतच गारद झाले, पहिल्या क्रमांकाच्या ब्राझीलला क्रोएशियाने उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टींवर घरी पाठविले, आणि मोरोक्कोने स्पेन व पोर्तुगाल यांना बाहेर काढून उपांत्य फेरी गाठली, जी त्यापूर्वी आफ्रिकेच्या कोणत्याही देशाने पाहिली नव्हती. गंमत ही की ज्या अर्जेंटिनाने पहिल्या दिवशी सर्वांची मान खाली घालविली, तीच १८ डिसेंबरला विश्वचषक घेऊन गेली.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी हे काहीच ठाऊक नव्हते. रिक्षांचे मालक चहा न घेता बसले होते. कोणी त्यांस चिडविले नाही. सुतक असलेल्या घरी बोलावे तसे सगळे हळू बोलत होते. तेवढ्यात त्या मुलाने विचारले, “चाचा, अर्जेंटिना हरली म्हणून यांना एवढे वाईट वाटते. आपला देश हरला म्हणून कधी कोणाला असे वाईट वाटले होते का? फुटबॉलमध्ये?”

“वाटले होते,” चाचा म्हणाले. “छप्पन साली.”

१९५६ साली चाचा बारा वर्षांचे होते. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपर्यंत औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास चार विरुद्ध दोन गोलांनी हरवून उपांत्य फेरी गाठली. शहागंजातील एका दुकानाच्या रेडिओभोवती जमलेल्या घोळक्यात त्या बातमीला जो जल्लोष झाला, तो चाचांच्या अजून कानांत होता. त्यांपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने केलेले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. पण संघाचा गुरू हैदराबादचा. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. फुटबॉलच्या जगात त्यांस ‘रहीमसाहेब’ म्हणत. संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबादची मुले. औरंगाबादेस ती आपली वाटत. एक महिन्यापूर्वीपर्यंत ती एकाच राज्याची होती.

“उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने चार-एक असे हरविले,” चाचा म्हणाले. “मग तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाने तीन-शून्य. त्या रात्री अब्बाजान जेवले नाहीत.”

प्राध्यापकांना राहवले नाही. “चाचा, खरे सांगायचे तर त्या स्पर्धेत भारताने सामना एकच जिंकला. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली म्हणून चाल मिळाली.”

“ठाऊक आहे, सर. पण चौथे म्हणजे चौथेच.”

दोघांचेही बरोबर होते. आकडा खरा आणि अभिमानही खरा. एक जिंकलेला सामना व दोन हरलेले, एवढ्यावर आशियातील कोणत्याही देशाने तोवर न गाठलेला क्रमांक भारतास मिळाला. मात्र तो निव्वळ नशिबाचा नव्हता हे पुढील सहा वर्षांनी सिद्ध केले. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत जकार्ता येथे याच रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियास दोन-एक असे हरवून सुवर्णपदक मिळविले. प्रेक्षक सारे विरुद्ध होते. जर्नैलसिंग हा बचावाचा खेळाडू डोक्यास टाके घातलेल्या अवस्थेत आघाडीस खेळला आणि त्याने गोलही केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. रहीमसाहेबांच्या देहात त्या वेळी कर्करोग होता. जून १९६३ मध्ये ते वारले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक भारतीय फुटबॉलला पुन्हा लाभलेले नाही.

हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुंबईकरांच्या अंगणात होत असे आणि चषक दक्षिणेकडे जात असे. सीमा बदलल्या त्या मोसमात तर आणखी मौज झाली. १९५६-५७ व १९५७-५८ या दोन्ही वर्षी प्रांतिक संघांची संतोष ट्रॉफी हैदराबादने जिंकली, आणि दोन्ही वेळी अंतिम सामन्यात हरविले ते मुंबईला. औरंगाबादकर नकाशावर मुंबईकडे गेले होते. त्यांनी कोणाच्या बाजूने ओरडावयाचे?

“अब्बाजान म्हणत,” चाचांनी सांगितले, “कागदावर सही झाली म्हणून पाय काही लगेच दुसरीकडे वळत नाहीत.”

बँकेतील कारकुनांनी येथे सर्वत्र ऐकू येणारी कथा काढली. १९५० साली भारतास विश्वचषकाचे निमंत्रण होते. पण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि बुटांची सक्ती झाली म्हणून संघ गेला नाही. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्याशी वाद घालणे उद्धटपणाचे वाटते. तरी घातला पाहिजे. ब्रह्मदेश व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारतास न खेळताच जागा मिळाली होती, हे खरे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पट्ट्या बांधून फ्रान्सशी खेळले, दोन पेनल्टी दवडल्या व सामना एक विरुद्ध दोन असा थोडक्यात हरले, हेही खरे. परंतु ब्राझीलला न जाण्याची कारणे दुसरी होती. समुद्रापलीकडचा लांबचा प्रवास, सरावास अपुरा अवधी, आणि मुख्य म्हणजे त्या काळी आपल्या फुटबॉलच्या चालकांस ऑलिंपिकपुढे विश्वचषक ही किरकोळ बाब वाटत होती. भारताच्या गटात स्वीडन, इटली व पराग्वे होते. संघ गेला असता तर बहुधा हरून आला असता. पण हरून का होईना, गेला असता. बुटांची कथा लोकप्रिय झाली याचे कारण तीत दोष पायांकडे जातो. निर्णय घेणाऱ्या डोक्यांकडे जात नाही.

मग आज का नाही? हा प्रश्न निघाला आणि दुकानात एकदम सात-आठ माणसे बोलू लागली. कोणी म्हणाले, आपले खाणे. कोणी म्हणाले, क्रिकेटने सारे गिळले. रिक्षांच्या मालकांस आता कंठ फुटला होता. ते म्हणाले, संघटनेत भांडणे, आणि पुराव्यादाखल त्यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील घटना सांगितली. बाहेरच्यांच्या हस्तक्षेपावरून जागतिक संघटनेने भारतीय संघटनेस निलंबित केले होते आणि निलंबन उठावयास अकरा दिवस लागले होते. कारकून म्हणाले, एकशेचाळीस कोटींत अकरा माणसे मिळू नयेत, ही लाज आहे.

हे शेवटचे वाक्य प्रत्येक विश्वचषकाच्या वेळी देशातील प्रत्येक चहाच्या दुकानात उच्चारले जाते आणि ते प्रत्येक वेळी चुकीचे असते. अकरा माणसे कोटींतून मिळत नाहीत; ती मैदानांतून मिळतात. दोनदा जग जिंकणाऱ्या उरुग्वेची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास आहे. ब्राझीलला हरविणाऱ्या क्रोएशियाची चाळीस लाखांच्याही आतबाहेर. पुढे २०२५ साली तर क्युरासाव नावाचे कॅरिबियन समुद्रातील बेट २०२६ च्या विश्वचषकास पात्र ठरले. त्या बेटाची सारी वस्ती दीड लाखाच्या घरात. एकट्या या शहराची २०११ च्या जनगणनेतील संख्या अकरा लाखांहून अधिक होती. त्याच २०२६ च्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत भारत ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारशी एक-शून्य आघाडीवर होता. त्र्याहत्तराव्या मिनिटास चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना आत ओढून कतारने गोल केला व पंचांनी तो ग्राह्य धरला. नंतर आणखी एक झाला. अन्याय झाला यात शंका नाही. परंतु त्याच्या पाच दिवस आधी कलकत्त्यास कुवेतविरुद्ध, सुनील छेत्रीच्या तेव्हा अखेरचा म्हणून जाहीर झालेल्या सामन्यात, भारतास एकही गोल करता आला नव्हता, आणि तो दोष कोणत्याही पंचाचा नव्हता.

महाराष्ट्रात या आजारावरील उपाय पाहावयाचा तर कोल्हापुरास जावे लागते. तेथेही विश्वचषकात ब्राझील व अर्जेंटिनाचे ध्वज गल्लोगल्ली लागतात, मोठमोठी चित्रे उभी राहतात. पण तेथील माणूस आधी पाटाकडील तालमीचा, दिलबहारचा, खंडोबा तालमीचा किंवा शिवाजी तरुण मंडळाचा असतो, आणि मग ब्राझीलचा. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉलचे संघ पोसले. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यास हजारो लोक जमतात, भांडणेही होतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव या कोल्हापूरचा. ते तिन्ही सामने भारत हरला. पण कोलंबियाविरुद्ध जीक्सनसिंगने केलेला गोल हा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल होय. त्याच स्पर्धेच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यभर दहा लाख मुलांस एकाच दिवशी फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम केला. मुले खेळली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

त्या मंगळवारी बोलणे येथवर आले तेव्हा मुलाने कप विसळता विसळता विचारले, “ब्राझीलच्या राखीव खेळाडूंची नावे तुम्ही सगळे सांगता. आमच्या संघातल्या एकाचे नाव सांगा बरे.”

कोणी बोलेना. काका म्हणाले, “याचे.”

“माझे सोडून.”

रविवारी, २७ नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता आमखास मैदानावर थंडी होती. गवत जेमतेम, मध्ये मध्ये उघडी जमीन. शब्द दिलेल्या सातांपैकी तिघे आले. चाचा सर्वांच्या आधी हजर होते व त्यांनी घडीचे स्टूल बरोबर आणले होते. रिक्षांचे मालक निळे-पांढरे पट्टे ओढलेल्या रिक्षातून उतरले. आदल्या रात्री साडेबाराला सुरू झालेल्या सामन्यात मेस्सीने मेक्सिकोविरुद्ध गोल केला होता, त्यामुळे त्यांचे डोळे जागरणाने लाल व मन प्रसन्न होते. प्राध्यापक अर्धा सामना संपता संपता आले. कारकुनांचा निरोप आला की घरी पाहुणे आहेत.

पहिली दहा मिनिटे तिघेही नम्रपणे पाहात होते, जसे कोणी दुसऱ्याच्या मुलीचे गायन ऐकतो. मग डाव्या बगलेवरून एका किडकिडीत पोराने दोघांना चकवून चेंडू मध्ये आणला आणि पुढे कोणीच पोहोचले नाही. चाचा स्टुलावरून उठले. “अरे, मध्ये कोणी थांबतच नाही! तो इतक्या लांबून आणतो कोणासाठी?” रिक्षांच्या मालकांचे म्हणणे असे पडले की चूक त्या पोराचीच, मान वर करून पाहावयास नको? चाचांना ते मान्य नव्हते. वाद चढला. मेस्सीविषयीही ते दोघे इतक्या पोटतिडकीने भांडले नव्हते. सामना सुटला तेव्हा मुलाचा संघ एक गोलाने हरलेला होता आणि चाचा व रिक्षांचे मालक त्या डाव्या बगलेच्या पोरास मधोमध उभे करून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उपदेश करीत होते.

प्राध्यापकांनी खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला, उलट केला व मुलास म्हणाले, “नावे सांग.” मुलाने नावे सांगितली. नऊ पुरी सांगता आली; दोघांची त्यालाही टोपणनावेच ठाऊक होती, ती तशीच लिहून घेतली. पुढचा सामना दोन आठवड्यांनी होता. तोही लिहिला.

दुपारी दुकानात कारकून येऊन बसलेले होते. पाहुणे गेले असावेत. साडेतीनला जपान व कोस्टा रिका यांचा सामना होता. जपानने जर्मनीस हरविलेले, आणि कोस्टा रिकावर स्पेनने सात गोल चढविलेले. या खेपेस मात्र तिन्ही बाकांवर एकमत होते. चाचांनीदेखील विरुद्ध बसण्याचे कारण नाही असे सांगितले. कोस्टा रिकाने एक-शून्य असा सामना जिंकला.